सुटी आणि सुटका

आपल्याकडे नाताळ येतो तो थंडी घेऊन. पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात मात्र तो ऐन उन्हाळ्यात येतो. ऑस्ट्रेलियात या सुमारास शाळा बंद होतात त्या थेट जानेवारीच्या अखेरीपर्यंत. २५ आणि २६ डिसेंबर हे दोन्ही दिवस सार्वजनिक सुटीचे. समुद्र जवळ, आकाश निरभ्र, दिवस लांब. अशा वेळी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एखाद्या कुटुंबाच्या मनात अचानक येते, 'या नाताळात घरी नकोच, कुठेतरी जाऊ या.' तंबू गाडीत पडतो, किनाऱ्यावरची एखादी खोली मिळते आणि घराला कुलूप लागते. आपल्यापैकी कित्येकांची मुले आज त्या देशात स्थायिक आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका नाही. ख्रिस्तजन्माच्या दिवशी घर, मंडळी व सोयरे सोडून विसाव्यासाठी निघून जाणे योग्य आहे काय?

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की थंडी व हिम यांचा शुभवर्तमानाशी काही संबंध नाही. लूक येशूच्या जन्माचे वर्णन करतो, पण ऋतू सांगत नाही. २५ डिसेंबर ही जन्मतिथी म्हणून नोंदलेली आढळते ती रोममधील इ.स. ३५४ च्या एका पंचांगवजा संग्रहात. मुंबईतल्या शुभेच्छापत्रावरचा बर्फ जितका उसना, तितकाच सिडनीतलाही. तेव्हा वाळूत बसून केलेली प्रार्थना कमी पवित्र ठरत नाही.

दुसरे असे, की विसावा हे पाप नाही. मार्काच्या सहाव्या अध्यायात स्वतः प्रभूच थकलेल्या शिष्यांना एकांती चलून विसावा घ्यायला सांगतो. त्यांना जेवायलाही सवड नव्हती. ते तारवात बसून निघतात. पण लोक पायी धावत त्यांच्या आधीच तेथे पोहोचतात. प्रभू तारू वळवीत नाही. त्याला त्यांचा कळवळा येतो. विसाव्याची गरज खरी होती, आणि वाट पाहणाऱ्यांची गरजही खरी होती. त्याने पहिली नाकारली नाही, पण दुसरीकडे पाठही फिरवली नाही.

पुढच्याच अध्यायात तो 'कुर्बान' या चालीचा निषेध करतो. आईबापांना द्यावयाचे ते देवाला वाहिले आहे असे म्हणून लोक आपले कर्तव्य टाळीत. आज आपण देवाचे नाव पुढे करीत नाही. 'आम्हाला विश्रांतीची फार गरज आहे' असे म्हणतो. वाक्य खरे असते, म्हणूनच ते ढाल म्हणून सोयीचे पडते.

आयत्या वेळच्या बेताचा नैतिक धोका येथेच आहे. घाईत आपण खोली मिळते का ते विचारतो, भाडे विचारतो, हवामान विचारतो. ज्याच्यावर निर्णयाचा भार पडणार, त्याला विचारायचे मात्र राहून जाते. वृद्ध आईला वीस तारखेला दूरध्वनीवरून कळते, की पंचवीस तारखेला कोणी येणार नाही. ती 'जा, बाळांनो' असेच म्हणते. तिच्या त्या होकाराला आपण संमती समजावे काय?

मेलबर्न शहराची एक हकिकत येथे सांगण्याजोगी आहे. १९३७ च्या नाताळाच्या आदल्या रात्री नॉर्मन बँक्स हे नभोवाणी निवेदक काम आटोपून घरी चालले होते. एका खिडकीत त्यांना एक वृद्धा दिसली. मेणबत्तीच्या उजेडात अंथरुणावर बसून ती रेडिओवरच्या नाताळगीताला सूर देत होती. आणखी किती जण असे एकटे असतील, हा विचार त्यांना सोडीना. पुढच्या वर्षी, १९३८ साली, त्यांनी तेथील अलेक्झांड्रा उद्यानात लोकांना मेणबत्त्या घेऊन एकत्र गाण्यास बोलावले. सुमारे दहा हजार लोक जमले, आणि ही प्रथा पुढे देशभर पसरली. उन्हाळी नाताळाची ही सुंदर रूढी एका एकाकी स्त्रीकडे कोणीतरी लक्ष दिल्यामुळे जन्मास आली.

मग कोणी कधी जाऊच नये काय? तसे नाही. सणाच्या दिवशी पंधरा माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीचा थकवाही देव पाहतो. वडीलधाऱ्यांच्या अपेक्षेपोटी तिने दरवर्षी चुलीपाशीच उभे राहावे, हाही न्याय नव्हे. प्रेम दोन्ही बाजूंनी मागता येते. म्हणून खोली ठरविण्यापूर्वी विचारा. शक्य असेल तर आईला बरोबर न्या. नसेल तर निघण्याआधी तिच्यासोबत एक दिवस नाताळ करा. जेथे जाल तेथील मंडळीच्या उपासनेत बसा. तुमची खोली झाडणाराही त्या दिवशी आपले घर सोडून आलेला आहे, हे विसरू नका.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. नाताळात गोवा किंवा महाबळेश्वर गाठणारे आपल्यातही आहेत, आणि गावाकडे एस.टी.च्या वाटेकडे डोळे लावून बसलेले आईबापही आहेत. बेथलेहेमात उतारशाळेत जागा नव्हती. तो दोष गर्दीचा म्हणता येईल. आपल्या बेतात कोणासाठी जागा नसेल, तर तो दोष कोणाचा? सुटी अवश्य घ्या. पण ती कोणापासूनची सुटका तर नाही ना, हे कुलूप लावण्यापूर्वी स्वतःला विचारा.