अंतर आणि देशांतर

न्यूयॉर्क ते मुंबई हे आकाशमार्गाचे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर असून, मध्ये कोठेही न थांबणाऱ्या विमानास ते काटण्यास सुमारे १५ तास लागतात. ज्यांची मुले परदेशी आहेत, त्या घरांत हे आकडे मुखोद्गत असतात. अशा घरी मृत्यू घडला आणि पुत्र पोहोचू शकला नाही, तर शेजारीपाजारी याच आकड्यांवर बोट ठेवून विचारतात, “पंधरा तासांचा तर प्रवास! मग मुलगा का आला नाही?” हा प्रश्न न्याय्य आहे काय?

तिकीट मिळविणे, विमानतळावर तीन तास आधी हजर होणे, आणि मुंबईस उतरल्यावर सिल्वासापर्यंतचा रस्ता, हे सर्व जमेस धरिले तर एक अहोरात्र सहज लोटते. पण हा झाला केवळ हिशेब.

आपल्या धर्मनिबंधकारांनी आशौचाच्या प्रकरणात ‘देशांतर’ कशास म्हणावे याची चर्चा केली आहे. कोणी साठ योजने म्हणतो, कोणी चाळीस, कोणी तीस. आकड्यावर एकमत नाही. परंतु तेथेच दुसरेही लक्षण दिले आहे: मध्ये महानदी वाहत असेल, पर्वत आडवा असेल किंवा भाषा पालटत असेल, तर ते देशांतर. मला हे लक्षण योजनांच्या मोजणीहून अधिक मार्मिक वाटते. वाटेत आडवे काय आहे, हे त्यात पाहिले आहे.

याचा दाखला आपल्या घरचाच आहे. दमण येथून जेमतेम तीस किलोमीटर. तरीही १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा व नगर हवेली मुक्त झाली, तेव्हा दमणच्या पोर्तुगीज सैन्यास एवढा पल्ला ओलांडता आला नाही. मधल्या भारतीय मुलखातून जाण्याची अनुज्ञाच नव्हती. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला, पण १९६० च्या निकालातही सशस्त्र सैन्यास वाटेचा हक्क मिळाला नाही. पुढे मार्च २०२० मध्ये करोनामुळे नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली, ती पूर्ववत् सुरू होण्यास मार्च २०२२ उजाडले. न्यूयॉर्क जागचे हलले नव्हते. तरी कित्येक पुत्रांनी पित्याचा अग्निसंस्कार दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिला.

आज महानदीच्या जागी बहुधा व्हिसा असतो. एकदा निघून आल्यावर परत प्रवेश मिळेल की नाही, ही धास्ती ज्याची त्यालाच ठाऊक.

आणखी एक भेद पडला आहे. पूर्वी वार्ताही माणसाच्याच पायांनी चाले. दूरदेशी असलेल्यास दहा दिवसांच्या आत वार्ता कळल्यास त्याने उरलेले दिवस आशौच पाळावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. त्याची वाट पाहत प्रेत ठेवण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. आता वार्ता क्षणात पोहोचते, माणूस मात्र दिवसाने. आणि तो दिवस घरच्यांना युगासारखा वाटतो. अशा वेळी अधिकारक्रमाने दुसऱ्या आप्ताने अग्नी द्यावा. शास्त्राने ही सोय ठेविली आहे, तिचा संकोच कशास? पुत्राने मागाहून येऊन मातेजवळ चार दिवस राहावे, हे मला अधिक मोलाचे वाटते.

मात्र जो मुंबईतच राहतो, ज्याच्या वाटेत नदी नाही की व्हिसा नाही, आणि आई अंथरुणास खिळलेली असता जो सहा-सहा महिने फिरकत नाही, त्यास देशांतराची सवलत कोणत्या आधारे द्यावी? तो अंत्यविधीस वेळेवर पोहोचतो, म्हणून त्याला कोणी काही विचारीत नाही.