पुस्तक कुणाला द्यायचं?

वॉल्टर मोस्ली हा काळा अमेरिकन लेखक. त्याच्या १९९० च्या रहस्यकादंबरीत काळ १९४८ चा, शहर लॉस एंजेलिस. विमान कारखान्यातनं काढलेला काळा कामगार इझी रॉलिन्स घराचा हप्ता भरायचा म्हणून एका बाईचा शोध घेतो, अन् गोरं शहर उघडं पडतं. इतिहासाच्या पुस्तकात हे कुठं सापडतं?

त्याआधी लिहिलेली 'गॉन फिशिन' प्रकाशकांनी नाकारली होती. नाव झाल्यावर तिच्यासाठी त्यांचीच रांग लागली असती. मोस्लीनं ती १९९७ ला दिली बाल्टिमोरच्या 'ब्लॅक क्लासिक प्रेस'ला. पॉल कोट्स या जुन्या ब्लॅक पँथरनं १९७८ ला काढलेली ही छोटी संस्था.

आपला माणूस मोठ्या प्रकाशकाकडं गेला की आपण शिव्या घालतो. पण त्याचीही चूल असते, अन् आपल्याकडं मानधन कुठंय? उद्या मला बोलावणं आलं तर? खरं सांगतो, रात्रपाळीत साच्यापुढं उभा राहून विचार केला. पाय तिकडंच वळत होते.