दिसत नाही, पण आहे

आमचे नाना घर बदलायला कधी भ्याले नाहीत. त्यांची अट एकच. वस्तू जिथे होती तिथे पाहिजे. वाड्यात देव पूर्वेच्या कोपऱ्यात होते. फ्लॅटमध्ये पूर्वेच्या कोपऱ्यात बिल्डरने फ्रिजची जागा काढली होती, म्हणून आमचे देव गेली बावीस वर्षे फ्रिजच्या डोक्यावर आहेत.

त्यामुळे १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची मोफत डागडुजी बंद झाली, तेव्हा मला कॉम्प्युटरची नव्हे, नानांची काळजी वाटली. कॉम्प्युटर धडधाकट होता. पण विंडोज ११ला लागते ती सुरक्षेची सोय त्याच्यात नव्हती. माणसाला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त करतात, यंत्राला दहाव्याच वर्षी नारळ! शेवटी माझा भाचा पुण्याहून एक पेनड्राइव्ह घेऊन आला आणि तासाभरात त्याने त्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट चढवले. पैसे पडले नाहीत. त्याऐवजी व्याख्यान ऐकावे लागले.

"मामा, फुकट आहे हे महत्त्वाचं नाही. स्वतंत्र आहे हे महत्त्वाचं!" असे म्हणून त्याने १९८३ साली रिचर्ड स्टॉलमनने सुरू केलेल्या चळवळीपासून १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यापर्यंत सगळी वंशावळ म्हणून दाखवली. या पंथात वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्ये असतात म्हणे. कार्यक्रम हवा तसा वापरावा, उघडून बघावा नि बदलावा, दुसऱ्याला द्यावा, आणि बदललेलासुद्धा द्यावा. त्यांची मोजणी शून्यापासून सुरू होते. पहिल्या स्वातंत्र्याचा नंबर शून्य! आमच्या घरातल्या माझ्या स्वातंत्र्याची मोजणीही तिथूनच सुरू होते आणि तिथेच संपते. पण ते असो.

मग मेनू लावायला बसलो. डाव्या कोपऱ्यातले बटण दाबले की जी यादी वर येते, ती. तिच्यावर उजवी टिचकी मारली की तिची डागडुजी करायची खिडकी उघडते आणि माणूस राजा होतो. नावे बदला, चित्रे बदला, नको त्याच्यासमोरची खूण काढून टाका. नाना शेजारी खुर्ची टाकून बसले आणि एकेक कलम मंजूर करू लागले. लिबरऑफिस रायटरचे झाले 'पत्रे'. कॅल्कचे 'हिशेब'. थंडरबर्डचे 'टपाल'. 'टर्मिनल' म्हणजे त्यांच्या हिशेबी एसटीचा शेवटचा थांबा. तिथे आपल्याला जायचे नाही म्हणून ते काढले. 'ॲडमिनिस्ट्रेशन' मी काढायला निघालो, तर म्हणाले, "राहू दे. छत्तीस वर्षं त्यातच गेली." सगळ्यात वर, विंडोजवर होते त्याच जागी, 'बँक'. बँकेचे संकेतस्थळ मिंटमध्ये मेनूतले एक कलम करून ठेवता येते. तिथे जाऊन नाना रोज सकाळी पेन्शन जागेवर आहे की नाही ते बघतात. पैसे काढायचे नसतात, नुसते दर्शन.

महिनाभर छान चालले. मग एके दुपारी एक फोन आला. तुमची केवायसी संपली आहे, खाते बंद होणार, आत्ता नंबर सांगा. मी बाहेर गेलो होतो. परत आलो तर नाना फोनवर सांगत होते, "अर्ज लेखी करा. वर जावक क्रमांक घाला. सही नसेल तर विचार होणार नाही." हे म्हणे पाऊण तास चालले होते. शेवटी फोन त्यानेच ठेवला. लुटारू हात जोडून पळाल्याचे हे एकमेव उदाहरण असावे.

आता यात घाबरण्यासारखे काय होते? काही नव्हते. सत्त्याऐंशीव्या वर्षी नाना जे बोलले ते मला तरी सुचले नसते. पण घाबरलो मी. त्या रात्री सगळे झोपल्यावर मेनू उघडला आणि 'बँक'समोरची खूण काढली.

खूण काढली म्हणजे काय होते, हे सांगायला हवे. लिनक्समध्ये मेनूतल्या प्रत्येक कलमामागे एक चिमुकली चिठ्ठी असते. नाव काय, चित्र कोणते, दाबल्यावर काय चालवायचे. खूण काढली की तिच्यात एक ओळ पडते, 'नोडिस्प्ले इज इक्वल टू ट्रू'. वस्तू पुसली जात नाही, मोडत नाही. आहे तिथेच असते, फक्त दिसत नाही. मला हे फारच सोज्वळ वाटले. मी काही काढून घेतले नव्हते, खोटेही बोललो नव्हतो. कोणी विचारलेच नाही, तर सांगायचे कशाला? शिवाय टर्मिनल नव्हते का काढले? तीच खिडकी, तीच खूण. फरक एवढाच की तेव्हा शेजारच्या खुर्चीत नाना होते.

आठवडाभर नाना काही बोलले नाहीत. सकाळी कॉम्प्युटर लावायचे, मेनू उघडायचे, बराच वेळ बघायचे, बंद करायचे. मला वाटले, सुटला नाद. मग महिनाअखेरीला दुधाचा हिशेब करायला मी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवली. खाड्यांच्या फुल्यांशेजारी नानांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिले होते, 'बँकेचे चित्र कुठे असते ते आठवत नाही. डॉक्टरांना विचारणे.'

दुधाचा हिशेब त्या दिवशी तीनदा चुकला.

भाच्याचे व्याख्यान मला तेव्हा नीट कळले. चार स्वातंत्र्ये वापरणाऱ्याची. पण वापरणारा कोण? जो खुर्चीत बसतो तो, की ज्याच्याकडे पासवर्ड असतो तो? आमच्या घरी पासवर्ड माझ्याकडे. म्हणजे शून्यापासून तीनपर्यंत सगळी स्वातंत्र्ये मी घेतली होती आणि नानांकडे उरले होते नुसते बघणे. तेही एक कलम वजा करून. चोराने त्यांचे पैसे मागितले, ते त्यांनी दिले नाहीत. मी मात्र त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसाच न विचारता उचलला होता. तोसुद्धा त्यांच्या भल्यासाठी!

संध्याकाळी चहाबरोबर सगळे सांगून टाकले. नाना ऐकत राहिले. मग बशीत चहा ओतून म्हणाले,

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही."

"बरं झालं." एक भुरका. "दहावीच्या वर्षी तुझ्या कॅरमच्या सोंगट्या हरवल्या होत्या, आठवतं?"

आठवते म्हणजे काय! १९८०. चार महिने शोधत होतो. शालूने घेतल्या म्हणून तिच्या पाठीत दोन घातल्या होत्या. ती अजून बोलून दाखवते.

"तांदळाच्या डब्यात होत्या. मीच ठेवल्या होत्या," नाना म्हणाले. "तुझ्या भल्यासाठी. शालूला मार बसला तेव्हा सांगणार होतो. पण तुझा अभ्यास बरा चालला होता."

पुढे दोघेही थोडा वेळ चहा बशीत ओतत बसलो. शालूला फोन कोणी करायचा, हा प्रश्न अजून निकाली निघालेला नाही.

दुसऱ्या दिवशी नाना स्वतः खुर्चीत बसले आणि मी शेजारी. मेनूची खिडकी त्यांनी उघडली, खूण त्यांनी लावली. मग थोडा विचार करून नाव बदलले. एका बोटाने, सावकाश. आता आमच्या मेनूत सगळ्यात वर 'बँक (फोन आल्यास उघडू नये)' असे कलम आहे. त्यानंतर 'टर्मिनल' परत आणले. जायचे नसले तरी गाडी कुठपर्यंत जाते ते माहीत असावे म्हणे.

"आता पासवर्ड सांग," म्हणाले.

सांगितला. त्यांनी खिशातले पेन काढले आणि तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, दुधाच्या फुल्यांशेजारी, ठसठशीत अक्षरात लिहून ठेवला. खाली रेघ ओढली.

घरात दूधवाला येतो, इस्त्रीवाला येतो, सोसायटीची पावती घेऊन चिटणीस येतात. त्या दिनदर्शिकेकडे बघत मी रोज उभा असतो. ती उतरवून कपाटात ठेवावी, असे फार वाटते. अजून ठेवलेली नाही.