सावळे रूप आणि सोयरीक

गेल्या वर्षी कार्तिकी करून आम्ही रेणापुरास परतलो, तेव्हा एका यजमानांनी मुलगी पाहायला आम्हांस बरोबर नेले. मुलगी बी.एड. झालेली, बोलायला नीट. परतताना जीपमध्ये मुलाची आई म्हणाली, "समदं बरं हाय महाराज, पण पोरगी सावळी हाय की हो." आम्ही गप्प बसलो.

रूप म्हणजे काय, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही. आमच्या आजीचे दात दातवणाने काळे केलेले, कपाळावर नि हनुवटीवर गोंदण. पांढऱ्या दातांची सवाष्ण तिच्या डोळ्यांस खुपे. जपानातही थोर घराण्यांतल्या बायका दात काळे करीत. १८७० साली तिथल्या सरकारने सरदार घराण्यांना त्याची मनाई केली. आता आमच्या नाती दात पांढरे करायला दवाखान्यात पैसे मोजतात, आणि गोंदण मात्र 'टॅटू' होऊन परत आले! युरोपातली माणसे मुद्दाम उन्हात पडून रापतात. आमच्या पोरी तोंडाला ओढणी गुंडाळून गाडी चालवतात. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली. २०२० मध्ये नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. गिऱ्हाइकाची हौस तीच.

मग रूप हा निव्वळ सवयीचा खेळ म्हणावा काय? तसे म्हणवत नाही. हसऱ्या लेकराकडे कुठल्याही देशीचा माणूस पाहतोच. पण माणसाला रंगावरून प्रत लावणे हे शिकलेले आहे. पाठशाळेत मेघदूत चालू असता यक्षाची बायको 'श्यामा' कशी, असे आम्ही गुरुजींना विचारले. त्यांनी मल्लिनाथाचा आधार दिला : श्यामा म्हणजे तरुणी. अर्थ ठीकच, पण तो ऐकून आमचा जीव भांड्यात का पडला, हे आज कळते. द्रौपदीचे 'कृष्णा' हे नाव तर रंगावरूनच पडले. तिथे टीकाकार काय करील?

असो. आठवड्याने मुलीच्याच गावी आमचे कीर्तन होते. पांडुरंगाच्या सावळ्या रूपाचे वर्णन आम्ही तासभर केले, टाळकरी रंगून गेले. मुलीचे वडील पुढेच बसलेले. बुक्का लावताना हळूच म्हणाले, "महाराज, देव काळा चालतो, लेक न्हाई चालत व्हय?"

जीपमधले आमचे मौन त्यांना कुठून ठाऊक असणार? तरी आम्हांस तेच ऐकू आले. दुसऱ्या दिवशी यजमानांकडे जाऊन आम्ही बोललो, जरा कडकच. त्यांनी होकाराचा निरोप धाडला. पण तोवर मुलीनेच नकार कळवला होता.