उतारावरची मूठ

आंबेनळी घाट उतरताना वडील चेतक स्कूटरची मूठ मधूनमधून हलकेच पिळायचे. उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं, असं विचारलं की म्हणायचे, "पेट्रोल नाही रे, तेल पाजतोय तिला."

कॉलेजात असताना मी तोच घाट मूठ बंद ठेवून उतरलो. एका वळणापाशी इंजिन कण्हलं आणि मागचं चाक जाम झालं. झटकन क्लच दाबला म्हणून वाचलो.

मिस्त्रींनी सिलिंडर सोडवून हातात दिला. आत एकही व्हॉल्व्ह नाही, भिंतीला नुसती भोकं. पिस्टनच ती झाकतो आणि उघडतो. वर जाताना तो डोक्यावरचं मिश्रण दाबतो, त्याच वेळी खाली क्रँककेसमध्ये नवं मिश्रण ओढलं जातं. ठिणगी पडली की तो खाली येतो. आधी एक्झॉस्टचं भोक उघडून जळका वायू निसटतो, मग बाजूची भोकं उघडतात आणि क्रँककेसमध्ये दाबलं गेलेलं ताजं मिश्रण वर उसळतं. या टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट. फोर-स्ट्रोकला दोन फेऱ्या लागतात. क्रँककेसलाच पंप करायची ही युक्ती इंग्लंडमधल्या बाथच्या जोसेफ डे यांनी 1891 मध्ये पेटंट केली. मला ती आजही अप्रतिम वाटते.

मात्र मिश्रणाची वाटच क्रँककेसमधून, त्यामुळे तिथं तेल भरून ठेवता येत नाही. टू-टी ऑइल पेट्रोलातच मिसळायचं. जाता जाता ते बेअरिंगला, पिस्टनला लागतं. उतारावर चाक इंजिनाला फिरवत राहतं, पण मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि तेलही बंद. माझ्या पिस्टनवर नखाला लागतील असे उभे ओरखडे होते.

दोषही याच रचनेत आहे. क्षणभर सगळी भोकं एकदम उघडी राहतात आणि थोडं ताजं मिश्रण न जळताच बाहेर पडतं. अर्धवट जळलेल्या तेलाचा निळा धूर वेगळाच. 2000 पासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तशा या स्कूटर मागे पडल्या. जीव जडलेला असूनही मी म्हणेन, योग्यच झालं. सिग्नलला तो धूर पोराबाळांच्या छातीत जात होता.

घाटाखाली पोलादपूरकडे मात्र आजही पावसाळ्यात बांधाबांधावर ग्रासकटर घुमतो, त्यात पुष्कळदा हेच इंजिन असतं. तेल पेट्रोलाबरोबरच येत असल्यानं यंत्र कसंही तिरकं धरलं तरी चालतं. गडी बाटलीत पेट्रोल ओततो, वर मापानं तेल घालतो, बूच लावतो आणि बराच वेळ बाटली खळाखळा हलवत राहतो.