ही मुद्रा कोणाची?

शास्त्रभाग : मार्क १२ : १३-१७, उत्पत्ति १ : २६-२७



परुशी व हेरोदी हे प्रभु येशूला बोलण्यांत धरावयास आले, तेव्हां त्यांनीं मोठा पेंच घातला होता. कैसरास कर द्यावा कीं देऊं नये? द्यावा म्हटलें तर लोक चिडणार. देऊं नये म्हटलें तर रोमी सत्ता बंडखोर म्हणून धरणार. प्रभूनें वाद घातला नाहीं. त्यानें एक दिनार मागितला, आणि विचारणाऱ्यांनींच तो आणून दिला. मग त्यानें दोनच गोष्टी विचारल्या : ह्यावर मुख कोणाचें? आणि लेख कोणाचा?

तें नाणें कसें होतें हें पाहूं. त्या काळीं तिबिर्य कैसर राज्य करीत होता. त्याची कारकीर्द इ. स. १४ ते ३७ अशी झाली. मंदिरांत आणलेला दिनार बहुधा त्याचाच असावा, असें विद्वान मानतात. असे दिनार अजून पुष्कळ उपलब्ध आहेत. नाणें चांदीचें, वजन चार ग्रॅमांहून थोडें कमी. मजुराची एका दिवसाची मजुरी एवढीच होती, हें आपणांस द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून ठाऊक आहे. एका बाजूस राजाचें मुख, डोक्यावर पानांचा मुकुट, आणि भोंवतीं लेख : तिबिर्य कैसर, देवपदास पोंचलेल्या औगुस्ताचा पुत्र. दुसऱ्या बाजूस आसनावर बसलेली एक स्त्री, आणि राजाची दुसरी पदवी : महायाजक. पाहा, चांदीच्या एवढ्याशा चकतीवर एका मर्त्य मनुष्यास देवाचा पुत्र आणि महायाजक म्हटलें होतें. आणि तें नाणें हातांत घेऊन जो उभा होता, तोच खरा पुत्र व खरा महायाजक होता! पण तें ओळखणारे डोळे तेथें किती होते?

रोमी राजांचीं नाणीं जमविणारे लोक जगांत फार दिवसांपासून आहेत. इटलीचा प्रसिद्ध कवि पेट्रार्क हा त्यांतील एक जुना संग्राहक. रोम शहरीं द्राक्षमळे खणणारे गरीब लोक, जमिनींत सांपडलेलें नाणें हातांत धरून त्याच्याकडे येत, आणि हें विकत घ्या, किंवा हें मुख कोणाचें तें सांगा, असें म्हणत. पुढें इ. स. १३५४ मध्यें मांटुआ येथें चौथा चार्लस ह्या राजाची व त्याची भेट झाली, तेव्हां त्यानें आपल्या संग्रहांतील कांहीं सोन्याचांदीचीं नाणीं राजाला नजर केलीं. त्यांत औगुस्ताचें मुखही होतें. ज्यांच्या गादीवर तूं बसतोस त्यांचे सद्गुण घे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. राजानें देणगी आनंदानें घेतली. परंतु पुढच्याच वर्षीं रोमेंत राज्याभिषेक होतांच तो मागें फिरला, आणि पेट्रार्कानें पत्र लिहून त्याला कठोर दोष दिला. मुख हातांत होतें, पण तें जीवनांत उतरलें नाहीं. बंधूंनो, ख्रिस्ताचें चित्र पुष्कळांच्या भिंतीवर आहे. तें जीवनांत किती उतरलें आहे?

संग्राहकाच्या पेटींत नाना प्रकारचीं नाणीं असतात. त्यांतील तीन आपणांस शिकवितात.

पहिलें, झिजलेलें नाणें. शेंकडों हातांतून गेल्यानें त्याचें नाक, कान, अक्षरें गुळगुळीत झालेलीं असतात. बाजारांत तें कोणी घेणार नाहीं. पण जाणता मनुष्य दोन अक्षरांवरून, हनुवटीच्या एका रेषेवरून राजा ओळखतो आणि तें जपून ठेवतो. पापानें व दुःखानें झिजलेल्या मनुष्यांतही आपली मुद्रा ओळखणारा देव त्याहून जाणता आहे. एक नाणें हरवलें म्हणून दिवा लावून घर झाडणारी स्त्री आठवा.

दुसरें, मुलामा दिलेलें नाणें. आंत तांबें, वर चांदीचा पातळ पत्रा. असे खोटे दिनार रोमी काळींही चालत, म्हणून सराफ नाण्यावर छिन्नीची खूण करून आंतली धातु पाहत. आपल्यावर संकटाचा घाव पडतो तेव्हां आंत काय आहे तें दिसून येतें. आदितवारचा पत्रा सोमवारीं निघून जात असेल, तर आपण सावध झालें पाहिजे.

तिसरें, मुख पुसलेलें नाणें. काराकाल्ला व गेता हे दोघे सख्खे भाऊ रोमेचे राजे होते. इ. स. २११ मध्यें काराकाल्लानें गेताचा वध करविला, आणि मग त्याचें नांव व मुख जेथें असेल तेथून काढून टाकण्याचा हुकूम झाला. कित्येक नाण्यांवर दोघे भाऊ समोरासमोर होते. त्यांवर आज एका बाजूस मुख आहे आणि दुसऱ्या बाजूस नुसता खरवडलेला खड्डा. हें नाणें पाहून अंगावर कांटा येतो. पण आपल्या मंडळ्यांत काय चालतें? एकाच विहिरीवर, एकाच प्रार्थनामंदिरांत, प्रभूच्या भोजनालाही बसतांना, हा अमक्या जातींतून आलेला, तो तमक्या वाड्यांतला, असें म्हणून जो सरकून बसतो, तो आपल्या भावाच्या मुखावर छिन्नीच चालवीत असतो. खुणेपुरतें नव्हे, समूळ पुसून टाकण्यासाठीं!

आतां आपल्याच देशांतली एक गोष्ट. तिबिर्याचे दिनार दक्षिण भारतांत पुष्कळ सांपडले आहेत, कारण मिरें व कापड घ्यावयास व्यापारी रोमी चांदी आणीत. आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर ह्या प्राचीन व्यापारी गांवीं रोमी नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृति सांपडल्या आहेत. अशा प्रतिकृति लोक दागिन्याप्रमाणें अंगावर घालीत असावेत. मातीचा तो तुकडा देऊन कोणी शेरभर धान्यही दिलें नसतें. राजाचें मुख मातीवर उठविलें म्हणून माती चांदी होत नाहीं.

पण देवाची रीत वेगळी आहे. त्यानें मातीच घेतली, तींत आपला श्वास फुंकला, आणि आपलें प्रतिरूप तिला दिलें. ही कोणी केलेली नक्कल नव्हे; ही खुद्द राजाच्या टांकसाळींतली मुद्रा आहे. तुम्ही धुळीसारखे, असें ज्यांच्या आजापणजांस पिढ्यान्‌पिढ्या ऐकविलें गेलें, त्या माझ्या बंधुभगिनींनो, तुमचें मोल गांवच्या जिभेवर ठरलेलें नाहीं. ज्याची मुद्रा, त्याचें मोल.

तर मग प्रभूचा निवाडा समजून घेऊं. ज्यावर कैसराचें मुख तें कैसरास चुकतें करावें. सारा, कर, देणें, ह्यांत खोटेपणा नको. शेत नांगरतांना जुनीं नाणीं निघालीं, तर सोनाराच्या मुशींत घालूं नका. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळवावें, असा १८७८ चा कायदा आहे. हेंही कैसराचेंच देणें. पण ज्यावर देवाची मुद्रा आहे, तें देवास द्यावें. तें काय? दानाच्या थाळींतला रुपया नव्हे. त्यावर सरकारची मुद्रा आहे. देवाची मुद्रा तुमच्यावर आहे. तुमचे हात, तुमची जीभ, तुमचें मन, तुमचीं लेंकरें. आणि तुमचा शेजारीही. त्याला कमी लेखण्याचा आपणांस अधिकार नाहीं, कारण तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे.

पाळकांना साह्य करणाऱ्या उपदेशकांस विनंति कीं, ह्या आठवड्याच्या सायंप्रार्थनेंत एक नाणें हातांत घेऊन मुलांस विचारावें, ही मुद्रा कोणाची? आणि मग एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून पुन्हां विचारावें, ही कोणाची?

हे स्वर्गीय पित्या, आमच्यांत झिजलेली तुझी मुद्रा तुझ्या पुत्राच्या द्वारें नवी कर, आणि भावाच्या मुखांत ती ओळखावयास आमचे डोळे उघड. आमेन.