खोटे कोणी लिहिले?

गोष्ट तशी लहान आहे. आमच्या कचेरीत कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक नोंदींसाठी काही वर्षांपूर्वी संगणकीय व्यवस्था आली. ती रचणारा तरुण माझ्या टेबलापाशी येऊन बसला आणि म्हणाला, "वैवाहिक स्थितीच्या रकान्यात कोणकोणते शब्द येऊ शकतील, ते एकदाच सांगून टाका." मी कागदावर चार शब्द लिहून दिले: अविवाहित, विवाहित, विधवा अथवा विधुर, घटस्फोटित. टिपणे लिहिण्यात मुरलेल्या हाताला अर्धे मिनिटही लागले नाही.

अशा बंद यादीला संगणकाच्या व्यवहारात 'एनम' म्हणतात. आपण परिगणित प्रकार म्हणू. रकाना मोकळा सोडला, तर 'विवाहित', 'विवाहीत', 'लग्न झालेले' अशी एकाच गोष्टीची अनेक रूपे जमतात आणि मोजणी अशक्य होते. म्हणून यादीबाहेरचा शब्द दारातच अडवावयाचा. यात मुळात अन्याय काहीच नाही. आपण सरकारी माणसे तर याच शिस्तीवर पोसलो आहोत.

पण यादी कोठे बंद करावयाची? 2001 च्या जनगणनेच्या कोष्टकांत घटस्फोटित आणि विभक्त यांना एकाच रकान्यात बसविले होते. 2011 मध्ये दोघांना वेगळे केले, तेव्हा विभक्तांची संख्या घटस्फोटितांच्या दुपटीहूनही अधिक निघाली. रकाना नव्हता तेव्हाही ती माणसे होतीच. मराठीत तर 'परित्यक्ता' हा शब्द केव्हाचा आहे. माझ्या यादीत मात्र तो नव्हता, आणि मराठी असून मला तो सुचला नाही याची आजही खंत वाटते.

पुढे एका कर्मचारी स्त्रीच्या प्रकरणात ही उणीव उघडी पडली. नवऱ्याने टाकलेली, दावा न्यायालयात पडून; चारांपैकी एकही शब्द तिला लागू होईना. मी 'विभक्त' हा पाचवा शब्द घालण्याविषयी टिपण लिहिले आणि तो शोभेल अशा जागी, म्हणजे 'विवाहित' च्या खालोखाल, लिहून दिला. तरुणाने तो तसाच घातला. आपण एक चांगले काम केले, अशा समाधानात मी त्या दिवशी घरी गेलो.

येथे थोडा तांत्रिक भाग सांगणे भाग आहे. ही व्यवस्था 'रेल्स' नावाच्या साधनावर उभारलेली होती. त्यात 2014 पासून मॉडेलमध्ये अशी यादी देण्याची सोय आहे. परंतु साधी यादी दिली, तर डेटाबेसमध्ये शब्द साठत नाही, त्याचा क्रमांक साठतो, तोही शून्यापासून. विधवेच्या नोंदीत 2 होते, घटस्फोटितेच्या नोंदीत 3. मी मधे एक शब्द घुसविताच 2 चा अर्थ विभक्त झाला आणि 3 चा अर्थ विधवा. नवा शब्द शेवटीच जोडावा, ही सूचना त्या साधनाच्या माहितीपत्रकात स्पष्ट दिलेली आहे. ती मी वाचली नव्हती. तरुणाने वाचली असावी, पण माझ्या टिपणापुढे तो बोलला नाही.

काही दिवसांनी एक ज्येष्ठ सहकारी बाई छापील दाखला घेऊन आल्या. त्यांचा घटस्फोट होऊन बरीच वर्षे झाली होती. दाखल्यात त्या विधवा होत्या. त्या रागावल्या नाहीत. "तो मनुष्य जिवंत आहे," एवढेच म्हणाल्या, "आणि हा कागद माझ्या मुलीने महाविद्यालयात दिला आहे."

तेव्हापासून मी विचार करतो आहे, की हे खोटे लिहिले कोणी? बाईंच्या नोंदीला कोणीही हात लावला नव्हता. तेथे पूर्वी 3 होते, आताही 3 च होते. जुन्या सेवापुस्तकात शब्द बदलावयाचा तर तो खोडावा लागे आणि शेजारी अधिकाऱ्याची सही लागे. खाडाखोड दिसे, सही करणाराही दिसे. येथे खाडाखोड नाही, सही नाही, आणि तरीही असत्य आहे. ते नोंदीत नसून यादीत होते, आणि यादी माझी होती. माझा हेतू शुद्ध होता हे खरे. पण हेतूच्या शुद्धतेने एका परित्यक्तेला जागा मिळाली, ती बाईंचा नवरा मारून.

डेटाबेसही याबाबतीत सारखे नसतात. 'मायएसक्यूएल' कडक नियम न लावता चालविले, तर यादीबाहेरच्या शब्दाच्या जागी ते रिकामा शब्द ठेवून पुढे जाते. हा मला सर्वांत वाईट कारकून वाटतो. 'पोस्टग्रेस' मात्र परिगणित प्रकारात नवा शब्द मधेही घालू देते आणि जुन्या नोंदींचा अर्थ ढळू देत नाही. 2017 पासून त्यात शब्दाचे नावही बदलता येते. पण एकदा यादीत आलेला शब्द ते सरळ काढू देत नाही. तरुण याबद्दल कुरकुरत असे. मला ते योग्यच वाटते. तो शब्द कोणाच्या तरी नावापुढे लागला असेल.

आमच्याकडे शेवटी प्रत्येक शब्दाला त्याचा आकडा नेमून दिला. 'विभक्त' दिसतो दुसऱ्याच्या खाली, पण त्याचा आकडा 4. सर्व दाखले परत मागविले. चूक माझी, असे फाइलवर लिहिले. साहेबांनी ते वाक्य गाळावयास सांगितले, मी गाळले नाही.

नवा दाखला घेताना बाईंनी विचारले, "पुन्हा कोणी यादी बदलली तर?"

"तुमचा आकडा तीनच राहील," मी म्हणालो. पुढच्या वर्षी माझी बदली व्हावयाची आहे, हे त्यांनाही ठाऊक होते.